रॉइस हॉगलंडला किती गुण?

मे महिन्याच्या दुसऱ्या सोमवारी हार्लन फोर्कच्या प्रत्येक टपालपेटीत एक चकचकीत कार्ड येऊन पडलं आणि दुपारच्या आत सगळं गाव पेटलं. कार्डावर रॉइस हॉगलंडचा फोटो होता, मुद्दाम शोधून काढलेला, त्यात त्याचे डोळे अर्धवट मिटलेले. खाली लाल अक्षरांत लिहिलं होतं: ‘यानं तुमचा बंदुकीचा हक्क विकला!’

आर्लिस टॉरगर्सननं ते कार्ड आपल्या बंदुकांच्या दुकानाच्या काउंटरवर ठेवलं, चष्मा पुसला आणि पुन्हा वाचलं. तेवढ्यात दारावरची घंटा वाजली आणि क्लिफ ओस्टबी आत शिरला. क्लिफ म्हणजे तालुक्याच्या शिकारी क्लबचा अध्यक्ष. चाळीस वर्षं धान्याच्या कोठारावर काढलेली, त्यामुळे आवाज असा की समोरच्यालाही तो वाऱ्यापलीकडचा समजायचा.

“बघितलंस? बघितलंस ना?” तो गरजला. “तरी मी म्हणत होतो! आता शून्य दे त्याला. सरळ शून्य!”

“आधी बूट पूस,” आर्लिस म्हणाली. “आणि शून्य द्यायचं की किती द्यायचं, ते वाचल्यावर.”

हे गुणांचं प्रकरण तेवीस वर्षांचं जुनं होतं. आर्लिस क्लबची चिटणीस. मोंटानाच्या विधिमंडळात बंदुकांवरचं जे जे विधेयक यायचं, ते ती राजधानी हेलेनाहून मागवायची, शेवटच्या ओळीपर्यंत वाचायची, आणि अधिवेशन संपलं की आपल्या भागातल्या आमदारांना शंभरपैकी गुण द्यायची. ते गुण दुकानाच्या खिडकीत लागायचे. हायस्कूलचा निकाल बघायला कोणी जायचं नाही, पण या निकालासाठी लोक तीस-तीस मैलांवरून ट्रक काढून यायचे. तिच्या खिडकीत साठच्या खाली गेलेला माणूस पुन्हा निवडून आला, असं तेवीस वर्षांत घडलं नव्हतं.

त्याला कारण होतं. आर्लिस कुणाच्याच बाजूची नव्हती. गव्हाच्या शेतावर वाढलेली, बापानं आठव्या वर्षी हातात एकनळी दिलेली आणि दिल्या दिल्या सांगितलेलं, “हिचं तोंड कुठे आहे हे ज्याला सांगता येत नाही, त्यानं स्वतःचं तोंड उघडू नये.” बाराव्या वर्षी पहिलं हरीण. बाविसाव्या वर्षी मिल्ट टॉरगर्सनशी लग्न. मिल्ट बंदुका दुरुस्त करायचा आणि ही त्या तपासायची. मिल्ट गेला तेव्हा लोकांना वाटलं, आता दुकान विकेल. तिनं दुसऱ्याच आठवड्यात दार उघडलं. शिवाय छत्तीस वर्षं ती शिकारीचा सुरक्षा वर्ग घेत होती. तालुक्यातल्या निम्म्या लोकांना तिनं पास केलं होतं आणि बऱ्याच जणांना आधी एकदा नापास. म्हणून तर पन्नाशीतले दाढीवाले बाप्येसुद्धा तिला अजून ‘टॉरगर्सनबाई’च म्हणत.

आणि रॉइस हॉगलंड? तो तिच्याच शाळेत दोन वर्षं मागे होता. गुरांचा मोठा कळप, बारा वर्षं राज्याच्या विधिमंडळात, आधी खालच्या सभागृहात आणि आता सिनेटमध्ये. पक्का जुन्या वळणाचा माणूस. नेमबाजीची मैदानं बंद करण्याचा डाव आला, हा विरोधात. बंदूक विकत घेताना दिवस मोजत थांबायला लावणारा कायदा आला, हा विरोधात. काडतुसांवर जादा कर, विरोधात. स्वतःच्या कुरणावर परवान्याशिवाय पिस्तूल बाळगण्याचा हक्क, हा सगळ्यात पुढे. बारा वर्षांत तिनं त्याचे गुण एकदाच कापले होते, मतदानाच्या दिवशी तो गायींच्या वेतांसाठी घरी राहिला म्हणून.

आणि मागच्या अधिवेशनात याच माणसानं एक विधेयक स्वतः आणलं, स्वतः मांडलं आणि दोन मतांनी मंजूरही करून घेतलं. कुणी आपल्या राजीखुशीनं बंदुका ठेवायला दिल्या, तर दुकानदारानं त्या ठेवून घ्याव्यात. परत मागितल्या की द्याव्यात. आणि पुढे काही बरंवाईट झालं, तर दुकानदाराला कोर्टात खेचता येणार नाही. एवढंच. पण कार्डावर एवढं कुठलं लिहिलेलं असायला! कार्ड छापलं होतं ट्रेंट कॉलियरनं. वय चौतीस, दात पांढरेशुभ्र, सहा वर्षांपूर्वी येऊन नदीकाठी प्लॉट पाडणारा. तो पक्षाच्या उमेदवारीसाठी रॉइससमोर उभा होता. इथे जूनमध्ये पक्षाची उमेदवारी जिंकली की नोव्हेंबरची निवडणूक म्हणजे नुसता उपचार.

“शनिवारी जत्रेच्या मैदानावरच्या हॉलमध्ये दोघांचा सामना आहे,” क्लिफ म्हणाला. “क्लबनं ठरवलंय, तिथेच तू गुण जाहीर करायचे. खिडकीत नाही, सगळ्यांसमोर.”

“क्लबनं ठरवलंय का तू?”

“मी म्हणजे क्लबच की.”

आर्लिस हसली. पण क्लिफ गेल्यावर तिचं हसू टिकलं नाही. गेल्या वर्षी विधेयक मंजूर झालं तेव्हा तिच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली होती आणि त्या अधिवेशनाचे गुण द्यायचे राहूनच गेले होते. तिनं चार पानांचा तो कायदा काढला आणि लाल पेन्सिल घेऊन बसली. सक्ती कुठे आहे? शोधली, सापडली नाही. सरकारकडे यादी जाते का? नाही. पोलीस येऊन नेतात का? नाही. पेन्सिलीला टेकायला जागाच मिळेना.

पण तिला चैन पडेना. बारा वर्षांत ज्यानं बंदुकीवर एक नवी ओळ कायद्यात येऊ दिली नाही, त्याला अचानक हे कुठून सुचलं? कायदा कळला होता, माणूस कळत नव्हता. तेव्हा तिनं समितीपुढच्या सुनावणीची ध्वनिफीत संगणकावर लावली आणि एका हातानं विंचेस्टर रायफलीची नळी पुसत ऐकू लागली.

रॉइसचा आवाज. घसा खाकरल्याचा आवाज. मग तो म्हणाला, “माझ्या ओळखीचा एक माणूस. हिवाळा त्याला जड जात होता, हे त्याचं त्याला कळलं होतं. तो आपल्या बंदुका घेऊन एका दुकानात गेला. तीन रायफली आणि आजोबांची दुनळी, पिवळ्या घोंगडीत गुंडाळलेली. दुकानातलं माणूस भलं होतं. पण विमेवाल्यांनी भीती घालून ठेवलेली, ‘परत दिलीत आणि काही झालं तर दुकान जाईल.’ त्या माणसानं बंदुका परत घरी नेल्या. मार्चमध्ये त्यातल्याच एका बंदुकीनं तो गेला. चूक दुकानाची नव्हती, सभासदहो. चूक आपली आहे. तेवढी दुरुस्त करा.”

आर्लिसच्या हातातलं फडकं गळून पडलं.

पिवळी घोंगडी. जानेवारीतली सकाळ, बाहेर उणे वीस. काउंटरच्या पलीकडे रॉइसचा धाकटा भाऊ एल्डन, टोपी हातात धरून उभा. “बिलिंग्जला बहिणीकडे चाललोय, आर्लिस. वसंतापर्यंत ठेवशील का?” आणि ती म्हणाली होती, “नाही रे जमत, एल्डन. विमेवाला नको म्हणतो.” तिनं त्याला कॉफी दिली होती. त्यानं ती उभ्याउभ्याच पिऊन “बरं, बरं, हरकत नाही” म्हटलं होतं आणि घोंगडी उचलली होती. तो बिलिंग्जला गेलाच नव्हता. मार्चमध्ये बातमी आली तेव्हा तिच्या काळजात धस्स झालं होतं, पण तिनं स्वतःला बजावलं, तो प्रवासाला निघाला होता, म्हणून ठेवायला आला होता. सात वर्षं ती हेच बजावत आली होती.

म्हणजे रॉइसला माहीत होतं! सात वर्षं तो या दुकानात येत होता, काडतुसं घेत होता, तिच्या गुडघ्याची चौकशी करत होता.

तिनं दुकानाला कुलूप लावलं आणि ट्रक काढला. कच्च्या रस्त्यावर धुळीचा लोट उठवत ती अठरा मैल अशी गेली की हॉगलंडांच्या फाटकावरची कुत्रीसुद्धा बाजूला झाली. रॉइस वासरांना डागत होता. धूर, हंबरडे, जळक्या केसांचा वास. त्याच्या बायकोनं, मार्व्हानं, लांबूनच आर्लिसचा चेहरा पाहिला आणि नवऱ्याच्या हातातली सळई काढून घेतली.

“पिवळी घोंगडी,” आर्लिस म्हणाली.

रॉइस कुंपणाला टेकला. “मी तुझं नाव घेतलं नव्हतं.”

“नाव नाही घेतलंस, घोंगडी घेतलीस! ताकाला जाऊन भांडं लपवलंस होय रे? सात वर्षं! एकदा तोंडावर बोलायचं होतंस.”

“काय बोलणार होतो? तू काय केलंस? विमेवाल्याचं ऐकलंस. मीही तेच केलं असतं.” तो टोपीची कड चाचपत राहिला. “अन् हे बघ, शनिवारी तू यातलं काही बोलायचं नाहीस. शून्य दे, दहा दे, काय द्यायचे ते दे. मी हरलो तर गुरं आहेत माझी. तुला त्या गावात दुकान चालवायचंय. लोक म्हणतील, हिनं त्याला परत पाठवला.”

“पाठवलाच की.”

“आर्लिस!”

“मी काय करायचं ते मला नको शिकवूस, रॉइस हॉगलंड. सहावीत कुंपण ओलांडताना तुझी बंदूक भरलेली होती, ती कुणी काढून घेतली होती?”

मार्व्हा फिस्सकन हसली. रॉइसला हसावं की रडावं कळेना. आर्लिस मात्र वळून ट्रकमध्ये बसली होती.

शनिवारी दुपारी हॉलमध्ये मुंगी शिरायला जागा नव्हती. एरवी जिथे भोपळे आणि लोणच्यांच्या बरण्यांना बक्षिसं मिळत, तिथे चारशे खुर्च्या, आणि भिंतींना टेकून आणखी शंभर माणसं. मागच्या टेबलावर घरी भाजलेल्या रूबार्बच्या आंबटगोड पाईंची रांग होती, पण आज तिकडे कुणी ढुंकून पाहत नव्हतं. कुणी कुणाची बाजू घेतली हे कळायला विचारावं लागत नव्हतं. कॉलियरवाले लाल टोप्या घालून डावीकडे, हॉगलंडवाले उजवीकडे, आणि मधल्या रांगांमध्ये नवरा-बायको एकमेकांकडे पाठ करून बसलेले.

ट्रेंट कॉलियर बोलायला उठला आणि खरं सांगायचं तर झकास बोलला. “आज म्हणतात, राजीखुशीनं ठेवा. उद्या म्हणतील, ठेवलीच पाहिजे! दार असं फटीएवढंच उघडतं, मंडळी, आणि मग थंडी आत येते!” डावी बाजू उभी राहून पाय आपटू लागली. फळ्यांची जमीन ढोलासारखी घुमली. “सिनेटर हॉगलंड, का केलंत? एवढंच सांगा. बारा वर्षांची इभ्रत का घालवलीत?”

रॉइस उठला. “कारण होतं,” तो म्हणाला. “ते सांगणं माझ्या हातात नाही.”

आणि तो खाली बसला! उजवी बाजू चक्रावली. डावीकडून असा हुर्यो उठला की पत्र्याच्या छतावरची कबुतरं उडाली.

“शांत व्हा! शांत व्हा!” क्लिफला आज कोठारावरचा आवाज कामाला आला. “आता क्लबचे गुण. टॉरगर्सनबाई!”

आर्लिस उठली. रॉइस तिच्याकडे बघून हळूच मान हलवत होता: नको. तिनं त्याच्याकडे बघणं सोडून दिलं.

“मी कायदा वाचला,” ती म्हणाली. “सक्ती नाही, यादी नाही, पोलीस नाहीत. पण कायदा का आला, ते सिनेटर सांगत नाहीत, कारण ते मला झाकतायत. एल्डन हॉगलंड आठवतो ना तुम्हाला?”

हॉलमधून एक सुस्कारा गेला. एल्डन सगळ्यांना आठवत होता. त्यानं जवळजवळ प्रत्येकाची कधी ना कधी रुतलेली गाडी ओढून काढली होती.

“मार्चमध्ये गेला तो. त्याच्या आधी जानेवारीत आपल्या बंदुका घेऊन माझ्या दुकानात आला होता. ठेवून घे म्हणाला. मी नाही म्हटलं. विमेवाल्याला घाबरले. तो घेऊन गेला घरी.” तिनं चार पानांचा कायदा वर धरला. “तेव्हा हा कायदा असता, तर मी हो म्हटलं असतं. पुढे काय झालं असतं ते देवाला ठाऊक. पण मी हो म्हटलं असतं. आता ज्यांना माझ्या दुकानात यायचं नसेल त्यांनी येऊ नका.”

मागे कुणाच्या तरी हातातली काटे-चमच्यांची चळत निसटून खाली पडली आणि पाचशे माणसं दचकली.

ट्रेंट कॉलियर उभा राहिला. तो काही दगड नव्हता. चेहरा उतरला होता त्याचा. “मॅडम, वाईट वाटलं. मनापासून. पण कायदा भावनेवर होत नाही. आज राजीखुशीचा आहे, उद्या—”

“उद्याचा येईल तेव्हा उद्या वाचीन,” आर्लिस म्हणाली. “आणि वाईट असला तर हेलेनाला जाऊन पहिली मीच भांडेन. आजचा हा आहे. तू वाचलास का रे?”

“मी… मुख्य मुद्दे बघितले.”

“चार पानं आहेत, बाळा!”

आधी एक जण हसला. मग दहा. मग सगळा हॉल फुटला, डावा-उजवा सगळा! लाल टोपीतला एक आडदांड गडी डोळे पुसत ओरडला, “माझ्या परीक्षेला पण तुम्ही असंच धरलं होतं मला, टॉरगर्सनबाई!” ट्रेंट कानापर्यंत लाल झाला.

“गुण!” क्लिफ टेबलावर मूठ आपटत होता. “गुण किती ते सांग!”

“शहाण्णव.”

“शहाण्णव? क्लबनं तर—”

“क्लब म्हणजे तू. चार कापलेत, कारण मतं मागणाऱ्यानं मतदारांपासून कारण लपवू नये, मग ते माझ्या भल्यासाठी का असेना. मला कुणी झाकायला सांगितलं नव्हतं.”

आता रॉइस उठला. माईक न घेताच तो बोलला, त्यामुळे लोकांना माना पुढे कराव्या लागल्या. “एल्डन त्या दिवशी माझ्याकडे आला होता. म्हणाला, आर्लिसनं कॉफी दिली. ‘तिचा चेहरा माझ्यापेक्षा पडला होता’ म्हणाला. तिच्यावर तो रागावला नव्हता. पण मी ‘माझ्याकडे ठेव’ म्हणालो नाही. मला सुचलंच नाही ते.” त्यानं टोपी उचलली. “मला तेव्हा सुचलं नाही, म्हणून हेलेनाला सुचवलं.”

टाळ्या पडल्या नाहीत. कुणालाच टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या नाहीत. पण नंतर पाईंच्या टेबलापाशी जी चर्चा जुंपली ती विचारू नका! लाल टोपीवाले आणि बिनटोपीवाले एकाच थाळीवर वाकून भांडत होते, आणि कायद्याच्या चार पानांच्या प्रती काढायला कुणीतरी गावच्या ग्रंथालयाकडे पळत गेलं होतं.

जूनच्या पहिल्या मंगळवारी मतदान झालं. बुधवारी सकाळी आकडा आला: हॉगलंड सहा मतांनी पुढे. सहा! ट्रेंटनं फेरमोजणी मागितली, आणि मागायलाच हवी होती. पुढच्या गुरुवारी कोर्टाच्या इमारतीसमोरच्या हिरवळीवर लोक घडीच्या खुर्च्या आणि थर्मास घेऊन येऊन बसले. खिडक्या उघड्या होत्या. आत एक-एक मतपत्रिका हातानं उचलून दाखवली जात होती आणि खिडकीपाशी उभी असलेली मार्व्हा बोटांनी बाहेर खुणा करत होती. चार पुढे. तीन. मग एकदम एकानं मागे! हिरवळीवर कुणाला श्वास घ्यायचं भान राहिलं नाही. आर्लिसनं थर्मासचं झाकण इतक्या वेळा काढलं आणि लावलं की आटेच झिजले. शेवटची पेटी नदीपलीकडच्या गावांची. पाच पुढे. आठ. मार्व्हानं दोन्ही हातांची दहा बोटं दाखवली, आणि मग आणखी एक!

अकरा मतांनी रॉइस हॉगलंड जिंकला. लोकांनी टोप्या हवेत फेकल्या, एका म्हातारीनं आपल्या नवऱ्याची फेकली. ट्रेंट कॉलियर पायऱ्या उतरून आला, रॉइसशी हात मिळवला आणि आर्लिसपाशी येऊन म्हणाला, “चारही पानं वाचली, मॅडम. अजून मला ते दार आवडत नाही.”

“नको आवडू देस,” ती म्हणाली. “वाचून नावडणं चालतं मला.”

सगळंच काही गोड झालं नाही. तीन घरांनी तिच्या दुकानात येणं बंद केलं. त्यातलं एक एल्डनच्या सासुरवाडीचं होतं, आणि तिनं त्यांना बोल लावला नाही. क्लिफनंही अध्यक्षपद सोडलं आणि “चिटणीस डोक्यावर बसते” असं रोज सकाळी उपाहारगृहात सांगू लागला.

पण दुकानाच्या मागच्या खोलीत तिनं लोखंडी कपाट बसवून घेतलं. विमेवाल्याला कायद्याची प्रत पाठवली, सोबत लाल पेन्सिलीनं चार शब्द. पहिल्या हिवाळ्यात तिथे नऊ बंदुका आल्या. कुणाच्या, ते तिनं कधी कुणाला सांगितलं नाही. लोकांना कळल्या त्या दोनच, आणि त्यांची गोष्टही तिनं नाही, त्या माणसानंच सगळ्या उपाहारगृहाला ऐकवली.

डिसेंबरमधल्या एका दुपारी क्लिफ ओस्टबी दोन रायफली घेऊन दारात उभा राहिला. त्याची बायको ऑक्टोबरमध्ये गेली होती. आर्लिसनं वही पुढे केली. त्यानं सही केली, पेन परत दिलं आणि म्हणाला, “ईस्टरपर्यंत. आणि लक्षात ठेव, माझं मत मी कॉलियरलाच दिलं होतं.”

“माहितीय मला,” ती म्हणाली. “बस. कॉफी घे. आणि आज बसून पी.”

तो संध्याकाळ होईपर्यंत बसला आणि सबंध वेळ तिच्याशी भांडत राहिला.